बोर्डाखाली काय घालावं?

आमच्या शहरात नळाला पाणी येतं, हे विधान खरं आहे. फक्त ते वर्तमानकाळात करता येत नाही. 'परवा येऊन गेलं' किंवा 'उद्या येईल म्हणतात', एवढंच खात्रीनं सांगता येतं. हे पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. या धरणाचं उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते झालं आणि धरण आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. पैठणला एसटीत बसलेला माणूस दीड-दोन तासांत इथे उतरतो. पाण्याला कधी चार दिवस लागतात, कधी आठ. वाटेत ते कुठे मुक्काम करतं, यावर आमच्या गुलमंडी पेठेच्या गल्ल्यांमध्ये बरंच संशोधन झालेलं आहे.

त्यामुळे आमच्याकडे घरटी एक माणूस 'पाण्यावर' नेमलेला असतो. रात्री-बेरात्री उठायचं, तोटी सोडायची, नळाला कान लावायचा आणि आत नुसती हवा फुसफुसली तरी सगळं घर जागं करायचं, ही त्याची कामं. आमच्या घरात हे पद माझ्याकडे आहे. "तू नाहीतरी लिहीतच बसलेला असतोस," या शब्दांत आईनं माझ्या साहित्यसेवेचा गौरव करून ते मला बहाल केलं.

या पदातून सुटका करून घेण्यासाठी मी पाण्याचा भोंगा बनवून घेतला. सर्किट अगदी साधं होतं. हौदात जिथे नळाची धार पडते तिथे दोन उघड्या तारा सोडायच्या. पाणी आलं की दोन्ही तारा पाण्यातून एकमेकींना भेटतात, त्या भेटीची बातमी बोर्डावरच्या बीसी ५४७ नावाच्या ट्रान्झिस्टरला कळते, तो भोंगा वाजवतो आणि एक रिले टाकीवर पाणी चढवणारी मोटर चालू करतो. पेठेतल्या एका पोरानं तळहाताएवढा बोर्ड करून दिला. तो ठेवायला डबा हवा होता. "प्लॅस्टिकचा नको, उंदीर कुरतडतात," असं म्हणून आईनं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून दिला. त्यातली बिस्किटं माझ्या मुंजीत संपली होती, पण डबा सुस्थितीत होता. मी बोर्ड डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि त्या रात्री प्रथमच निर्धास्त झोपलो.

अडीच वाजता भोंगा वाजला.

हा आवाज कसा होता ते गल्लीत कुणालाही विचारा. मिनिटभरात सगळे दिवे लागले. बादल्या, पिंपं, पातेली, हंडे बाहेर आले. समोरच्या काकूंनी तर कुकरही आणला. पाण्याचा थेंब नव्हता. पण 'पाणी आलेलंच नाही' हे मानायला कुणी तयार होईना.

"तुमच्याकडे आलंय, आमच्याकडे दाब कमी पडतोय," समोरचे म्हणाले.

"अहो, आमच्याकडेही नाही."

"मग भोंगा कसा वाजला?"

"चुकून."

"चुकून कसा वाजेल? खालच्या बाजूनं कुणीतरी मोटर लावून ओढलं असणार!"

मग खालच्या बाजूचे लोक वर आले, वरच्या बाजूचे खाली गेले, आणि न आलेल्या पाण्यावरून पहाटे चारपर्यंत भांडण झालं. आलेल्या पाण्यावरून होतं तेवढंच.

सकाळी डबा उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. बोर्डाची वरची बाजू सोज्वळ असते. सगळी भांडवली मंडळी, म्हणजे रिले, कपॅसिटर वगैरे, वर नीट बसलेली असतात. खालच्या बाजूला मात्र त्यांचे पाय आरपार येऊन डाग दिलेले असतात आणि त्यांची टोकं काट्यांसारखी बाहेर आलेली असतात. ते काटे पत्र्यावर टेकले होते. पत्र्यानं हौदाच्या दोन तारांचं काम डब्यातल्या डब्यात उरकून टाकलं. बोर्डाच्या लेखी पाणी आणि पत्रा यांत काहीही फरक नाही. दोन टोकं जोडली गेली की त्याच्या दृष्टीनं नाथसागर दारात आला.

म्हणजे बोर्ड आणि पत्रा यांच्या मध्ये वीज न वाहणारं काहीतरी घालायला हवं होतं. आता गुलमंडीत 'काहीतरी घालायला हवंय' असं मोठ्यानं म्हणणं फार धोक्याचं. इथे दर पाच फुटांवर एक दुकान आहे आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवरचा उपाय आपल्याच दुकानात आहे, अशी प्रत्येक दुकानदाराची प्रामाणिक समजूत आहे.

सुपारी हनुमानाच्या दर्शनाला निघालो तेवढ्यात साडीवाल्या शेठनी अडवलं. "भाऊ, ऐकलं रात्रीचं. त्यात काय एवढं? हा साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. लाकडाचाच भाऊ तो. लाकडातून कधी करंट जातो का?" पुठ्ठा फुकट मिळाला, त्यासोबत 'वहिनींसाठी' म्हणून घेतलेल्या साडीचे पैसे लागले. पुठ्ठा पंधरवडाभर उत्तम चालला. मग पाऊस आला. कागद हा कोरडा असेपर्यंत फार चांगला विद्युतरोधक असतो. मोठमोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तारांभोवती कागदच गुंडाळतात, पण तो तेलात बुडवून, म्हणजे त्यात ओल शिरू नये म्हणून. आमच्या पुठ्ठ्याला तेल नव्हतं आणि डबा मोरीच्या भिंतीवर होता. पुठ्ठा दमट झाला आणि भोंगा पूर्ण न वाजता बारीक आवाजात कण्हू लागला. "थोडं थोडं पाणी आलंय वाटतं," असं म्हणत गल्लीनं लहान भांडी बाहेर काढली.

लग्नपत्रिकांच्या दुकानदाराला पुठ्ठ्याची फजिती कळताच आनंद झाला. "पुठ्ठा कसला लावता? आर्ट कार्ड लावा, लॅमिनेशनचं. पाणी धरत नाही." त्यानं नमुन्याची एक जाड पत्रिका दिली. तिच्यावर सोनेरी गणपती होता, सोनेरी कलश होता आणि वधू-वरांची नावंही सोनेरी होती. हा सोनेरी वर्ख म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, ही माहिती त्या दोघांच्या सुखी संसाराआड येण्याचं कारण नव्हतं, पण आमच्या बोर्डाआड ती आली. डागाचा एक काटा वराच्या नावात रुतला, दुसरा वधूच्या, आणि मध्यरात्री भोंग्यानं मंगलाष्टकं सुरू केली.

बोर्ड करून देणाऱ्या पोराकडे गेलो. तो गावाला गेला होता. त्याच्या शेजारच्या दुकानदारानं फार विश्वासानं काळ्या स्पंजचा एक तुकडा हातावर ठेवला. "काका, आयसी यातच खोचून येतात. कंपनी पॅकिंग आहे. यापेक्षा सेफ काही नाही." मलाही पटलं. नाजूक वस्तू ज्यात येते ते नाजूक वस्तूसाठी चांगलंच असणार. नंतर कळलं की त्या काळ्या स्पंजात कार्बन मुद्दाम घातलेला असतो. आयसीच्या सगळ्या पायांना एकमेकांशी जोडून ठेवावं, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेनं तिला इजा होत नाही, हा त्याचा हेतू. म्हणजे तो स्पंज वीज अडवत नाही, सर्वांना सारखी वाटून देतो. कॉम्प्युटरचे बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतात तिच्यातही धातूचा थर असतो आणि तिच्यावर चालू बोर्ड ठेवू नये, हेही त्याच दिवशी कळलं. हे ज्ञान मिळालं तेव्हा भोंगा सलग वाजत होता आणि बायको विचारत होती, "अहो, ते बंद करायला काही आहे का, की फक्त चालू करायचंच केलंय?"

काळी इन्सुलेशन टेप लावून पाहिली नाही असं नाही. आपल्याकडे ती सगळ्यावर लावतात. वायर, चष्म्याची काडी, बॅटची मूठ, पुस्तकाचा कणा, काहीही. पण उन्हाळ्यात आमचं शहर चाळिशी ओलांडतं. टेपचा डिंक पातळ होऊन ती आपली जागा सोडून डब्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. शिवाय डागांचे काटे तिच्यातून सरळ आरपार गेले होते. टेप वीज अडवते, काटे अडवत नाही.

मग कुणीतरी म्हणालं, फिश पेपर लावा. हा मूळचा सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद. तो झिंक क्लोराइडच्या द्रावणात भिजवून, दाबून, धुवून टणक करतात. थॉमस टेलर नावाच्या इंग्रजानं १८५९ साली याचं पेटंट घेतलं. वस्तू दणकट आणि खात्रीची. अडचण एवढीच की मी पहिल्या दुकानात "फिश पेपर आहे का?" विचारलं आणि त्या गृहस्थानं जराही न हसता मछलीखडकचा रस्ता दाखवला.

शेवटी एका मोटर वाइंडिंगवाल्याकडे पोचलो. तिथे खजिनाच होता. खाकी लेदरॉइड कागद, दुधी मिलिनेक्स, रंगीत स्लीव, वार्निशचे डबे.

"मोटर कित्ते एचपी की?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मोटर नाही, बिस्किटाचा डबा आहे."

आता मान वर झाली. "डब्बे की वाइंडिंग नै करते, साहब."

मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि शेवटी म्हणाले, "हौ, तो वो रात का भोंगा आपका है?" आमची कीर्ती आमच्या आधी पोचली होती. त्यांनी मिलिनेक्सची एक पट्टी कापून दिली आणि पैसे घेतले नाहीत. "बस अब सोने दो," एवढीच अट घातली.

मिलिनेक्स म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म. चिवट, ओल न धरणारी, वीज अडवणारी. पण पट्टी मोटरच्या मापाची होती आणि आमचा बोर्ड तिच्याबाहेर दोन्ही बाजूंनी डोकावत होता. तेव्हा शेजारच्या काकूंनी आपल्या गुडघ्याचा एक्स-रे आणून दिला. तीही पॉलिएस्टरचीच फिल्म. जुने मेकॅनिक ती कापून वापरतात. मोठी, जाड आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेली. काकूंच्या गुडघ्यावर आमचा बोर्ड इतका छान बसला की भोंगा एकदम गप्प झाला. हा उपाय कायमचाच ठरला असता. पण महिन्याभरानं काकू दारात. "डॉक्टर जुना एक्स-रे मागतायत. तुलना करायचीय म्हणे." त्यांना बोर्डाच्या आकाराचं भोक पडलेला गुडघा परत केला. डॉक्टर तो बराच वेळ उजेडासमोर धरून बसले होते, असं काकू सांगतात.

या काळात गल्लीतले एक काका माझ्या मदतीला आले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट मुळापासून सांगावी लागते. त्यांनी १९०७ पासून सुरुवात केली. त्या साली लिओ बेकलंडनं बेकेलाइट शोधलं आणि म्हणून आपल्या आजोबांच्या घरातले स्विच काळे होते. मग १९३६ ला आले. त्या सुमारास लंडनमध्ये पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन माणसानं छापील सर्किटचा रेडिओ तयार केला आणि तारांचं जंजाळ जाऊन बोर्ड आला. मग कोडरम्याचं अभ्रक. मग इन्सुलेशनचे वर्ग. बी वर्ग १३० अंश, एफ वर्ग १५५, एच वर्ग १८०.

"तुझ्या डब्याला कुठला वर्ग हवा?" त्यांनी विचारलं.

"रात्री झोप लागेल असा."

त्यांना ते आवडलं नाही. त्यांच्या मते इथे फक्त कॅप्टन चालेल. ही पिवळसर फिल्म ड्यूपाँ कंपनीनं १९६० च्या दशकात आणली. अपोलोच्या चांद्रयानावर दिसते ती सोनेरी झूल हिचीच. उणे २६९ अंशांपासून ४०० अंशांपर्यंत टिकते. हे ऐकून माझी मोठीच चिंता मिटली. उणे २६९ अंशांत आमच्याकडे पाणी आलंच, तर भोंगा दगा देणार नव्हता.

एवढ्या सगळ्यात एका रात्री खरोखरच पाणी आलं. भोंगाही वाजला. अचूक, वेळेवर, पूर्ण आवाजात. समोरच्या घरातून "वाजू दे मेलं!" असं ऐकू आलं. खालच्या बाजूच्यांनी खिडकी लावून घेतली. आमच्या घरात बायकोनं झोपेतच डब्याच्या दिशेनं उशी फेकली. सकाळी हौद भरून वाहून गेला होता आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीनं विकतचा टँकर मागवला. त्याची वर्गणी गोळा करताना माझ्याकडे जास्त मागण्यात आली.

या प्रकरणावर पडदा टाकला तो पैठण गेटजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माझ्या भाच्यानं. त्यानं डबा उघडला, बोर्ड उलटा केला, कटरनं सगळे काटे कापून डागाबरोबर केले आणि चार कोपऱ्यांना नायलॉनचे चार स्पेसर लावून बोर्ड डब्याच्या तळापासून बोटभर उंच उभा केला. जिथे २३० व्होल्ट येतात त्या बाजूला वायरमनला बोलावून पत्र्याच्या डब्याला अर्थिंग करून घेतलं. नसतं केलं तर भोंगा वाजलाच असता, पण ऐकायला आपण असतो की नाही सांगता येत नाही, असं तो म्हणाला.

"आणि खाली काय घातलंस?" आईनं विचारलं.

"काही नाही, आजी."

"काही नाही म्हणजे?"

"हवा आहे की."

घरात शांतता पसरली. एवढी दुकानं पालथी घातल्यावर उत्तर 'हवा' निघावं, हे कुणालाच पटेना. पण भाच्याचं म्हणणं बरोबर होतं. कोरड्या हवेचा एक मिलिमीटरचा थर फोडून जायला विजेला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. धूळ आणि ओल धरून चार-सहा मिलिमीटर जागा सोडली की घरातली वीज बिचारी जागच्या जागी राहते. हवा वितळत नाही, सरकत नाही, काट्यानं फाटत नाही आणि काकू ती परत मागत नाहीत. कागद असो की कॅप्टन, पट्ट्या असतात त्या जागा सोडणं अशक्य असेल तिथे. जागा असेल तर जागाच सोडायची.

आणि खरी अडचण इथेच आहे. गुलमंडीत जागा सोडता येत नाही. इथे दोन दुकानांच्या मध्ये हातभर फट राहिली तर संध्याकाळपर्यंत तिथे कंगव्यांचं दुकान निघतं. दोन स्कूटरमध्ये तिसरी शिरते आणि तिसरीच्या आरशाला हेल्मेट विकणारा आपला माल लटकवतो. माणूस रस्त्याच्या मध्ये क्षणभर थांबला तर त्याच्या पाठीला टेकून कुणी फोनवर बोलू लागतं. रिकामी जागा दिसली की ती कुणाची तरी वाट पाहत असणार, असंच आम्हाला वाटतं. अशा गावात बोर्डाखाली बोटभर पोकळी, तीही आमच्याच घरात, तीही झाकणाच्या डब्यात!

भोंगा काही दिवस शहाण्यासारखा वागला. पाणी आलं तेव्हाच वाजला. गल्लीचा विश्वास परत येऊ लागला. मग एका पहाटे पुन्हा तोच प्रकार. बादल्या, पिंपं, कुकर आणि कोरडा नळ. मी डबा उघडला. बोर्डाखाली पाणीपट्टीची पावती घडी करून ठेवली होती. तिच्यामागे केसांचा एक आकडा होता, सुई टोचलेलं दोऱ्याचं रीळ होतं, दोन रुपयांचं नाणं होतं आणि गेला आठवडाभर सगळं घर शोधत असलेली कपाटाची किल्ली होती. किल्ली बोर्डाच्या दोन टोकांवर आडवी पडून नाथसागराचं काम करत होती.

"ही इथे कुणी ठेवली?"

"मीच," आई म्हणाली. "एवढी जागा नुसती वाया चालली होती. आणि करंटच्या डब्यात चोर कशाला हात घालतोय?"

बायकोनं आकडा उचलून केसात खोचला. "मला वाटलं, तो खण त्यासाठीच केलाय."

मी डब्याच्या तळाला मिलिनेक्सची नवी पट्टी चिकटवली, म्हणजे हवेला सोबत. झाकणाला चार स्क्रू लावले आणि स्क्रू-ड्रायव्हर लपवून ठेवला. कुठे ठेवला ते सांगणार नाही, कारण तिथेही थोडी मोकळी जागा आहे.

तर वाचकहो, निकाल असा. बोर्डाच्या खालचे काटे कापा, त्याला नायलॉनच्या पायांवर उभा करा, तळाशी पॉलिएस्टरची एक पट्टी लावा, पत्र्याचा डबा असेल तर अर्थिंग नीट करून घ्या आणि २३० व्होल्टच्या बाजूला स्वतः हात न घालता जाणकाराला बोलवा. वर्ख, काळा स्पंज, चंदेरी पिशवी आणि पुठ्ठा यांना डब्याच्या बाहेरच ठेवा. आणि घरातल्या मंडळींना हात जोडून सांगा, की ही जी जागा रिकामी दिसतेय, ती रिकामी नाही. ती कामावर आहे. कृपया तिथे किल्ली ठेवू नये.